उंबरठ्यावरच्या मेंदूची वीज

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी सहज उच्चारली जाते की तिने तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, हे ध्यानातच येत नाही. वयाबरोबर ओळखीचे नाव आठवायला चार क्षण जास्त लागतात, ही पहिली गोष्ट. औषधपाणी, बँकेचे काम, नेहमीच्या रस्त्याने घरी परतणे असे रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात तो स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, ही तिसरी. या दोहोंच्या मध्ये आणखी एक अवस्था आहे. तिच्यातला माणूस घर चालवतो, प्रवास करतो, हिशेब ठेवतो. पण स्मरणशक्ती किंवा विचारांची चपळाई वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने उतरल्याचे त्याला किंवा घरच्यांना जाणवते आणि चाचणीतही दिसते. वैद्यकात तिला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘एमसीआय’. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिचे निकष नेमकेपणाने मांडले आणि ही मधली पायरी संशोधनात आणि दवाखान्यात रुळली.

या पायरीची अडचण अशी, की तिच्यावरून माणूस कुठे जाईल हे तिच्याकडे पाहून कळत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१८ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून काही आकडे दिले. साठ ते चौसष्ट वयोगटात सुमारे ६.७ टक्के लोक एमसीआयमध्ये असतात, ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयोगटात सुमारे २५ टक्के. पासष्टीपुढच्या अशा लोकांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पुढच्या दोन वर्षांत डिमेन्शिया होतो. पण उलटही घडते. वेगवेगळ्या अभ्यासांत १४ ते ३८ टक्के लोक नंतरच्या तपासणीत पुन्हा सर्वसामान्य ठरले. म्हणजे एकाच नावाखाली उतरणीला लागलेले, जागेवर थांबलेले आणि माघारी फिरलेले असे तिघेही बसले आहेत. त्यांना वेगळे ओळखण्यासाठी मेंदूची वीज मोजावी काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘मोजावी’ असे आहे, पण एका अटीवर. ईईजीला, म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखाला, रोगाचे नाव विचारायचे नाही. या माणसाच्या मेंदूचे काम कसे चालले आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या आधीच्या चालीपेक्षा बदलले आहे का, एवढेच विचारायचे. आजवर झालेली बरीचशी निराशा, आणि बरीचशी फसवी आशाही, पहिला प्रश्न विचारल्यामुळे झाली आहे.

मेंदूत वीज असते हे लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर मोजून दाखवले होते. माणसाच्या डोक्यावरून ती नोंदवली जर्मनीतल्या येना शहरातील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी. पहिली नोंद १९२४ ची, प्रसिद्धी १९२९ ची. या विजेचा टाळूवर पोहोचणारा दाब काही दशलक्षांश व्होल्टपासून फार तर शंभर दशलक्षांश व्होल्टपर्यंत असतो, म्हणून अनेकांना बर्गर यांचे म्हणणे खरेच वाटले नाही. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तेच पुन्हा करून दाखवल्यावर शंका मावळली. ही वीज येते मेंदूच्या बाह्य थरातल्या उभ्या रचलेल्या पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशींतून. एका पेशीचा प्रवाह कवटीबाहेर कळणे अशक्य. लाखो पेशी एका ठेक्यात आल्या तरच त्यांची बेरीज वर पोहोचते. दिंडीतल्या एका टाळाचा नाद दोन शेतांपलीकडे जात नाही, सगळे टाळ एका ठेक्यात पडले की गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येतात, तसेच काहीसे. म्हणून ईईजीवर दिसते ती पेशींची संख्या नव्हे, त्यांचा मेळ. काही टाळकरी गळले तर नाद क्षीण होईल; सगळे हजर असूनही ठेका ढिला पडला तरी नाद बदलेल. एमआरआयमध्ये पहिला प्रकार दिसतो. दुसरा दिसतो तो इथे.

या नादाचे सूर वारंवारितेनुसार वेगळे केले जातात. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तने असलेली डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, तेरा ते तीस बीटा आणि त्यापुढची गॅमा. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागच्या भागात अल्फाची लय ठळक उमटते. निरोगी प्रौढात ती सेकंदाला दहाच्या आसपास असते. बर्गर यांना पहिल्यांदा दिसलेली लय हीच, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत ती बिघडते हेही त्यांनी १९३० च्या दशकातच नोंदवले होते. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांतून दिसलेला क्रम साधारण असा आहे : आधी थीटा वाढते, मग अल्फा आणि बीटा ओसरतात, अल्फाची लय मंद होते, आणि रोग बराच पुढे गेल्यावर डेल्टा पसरते. एमसीआयमध्ये सहसा या क्रमाची पहिली पावले सापडतात.

नुसता संबंध दिसणे आणि कारण कळणे यांत फरक असतो, आणि इथे कारणाचा धागाही बऱ्यापैकी हाती लागतो. मेंदूच्या तळाशी मायनर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा पेशींचा एक पुंजका आहे. ॲसिटिलकोलिन हे रसायन तिथून मेंदूच्या बाह्य थरात सर्वदूर पोहोचते आणि त्या थराला जागे व तत्पर ठेवते. अल्झायमरच्या आजारात हा पुंजका लवकर झिजू लागतो. निरोगी माणसाला या रसायनाचा परिणाम रोखणारे स्कोपोलामिन दिले तर तात्पुरते विस्मरण होते आणि ईईजीही मंदावतो. उलट, ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारे डोनेपेझिल दिल्यावर रुग्णांच्या ईईजीतली मंदगती काही प्रमाणात कमी झाल्याचे आढळले आहे. रसायन काढले की लय मंद, वाढवले की सावरती. दोन्ही दिशांनी पडताळा मिळतो, म्हणून मंद लयीला योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही.

स्वस्थ बसलेल्या मेंदूखेरीज कामाला लावलेला मेंदूही मोजता येतो. एकसारख्या ‘टुक, टुक’ आवाजांत अधूनमधून वेगळा आवाज आला की त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक उंचवटा उमटतो. १९६५ मध्ये सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला आणि पी-३०० हे त्याचे नाव रूढ झाले. वयाबरोबर तो उशिरा येऊ लागतो, एमसीआयमध्ये सरासरीने आणखी उशिरा. दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुप्रतिम रे यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशीच्या पुढचे २४४ जण समाजातूनच निवडले होते. त्यांना पडद्यावर मोठमोठे काळे-पांढरे पट्टे दाखवले. असे पट्टे पाहताना मेंदूच्या मागच्या भागात गॅमा लय उमटते. त्याच वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांशी ताडून पाहिले तेव्हा एमसीआय आणि अल्झायमर असलेल्यांत ती क्षीण निघाली, अल्फात मात्र तसा ठळक फरक नव्हता. हा शोध महत्त्वाचा आहे. पण त्या २४४ जणांत एमसीआयचे फक्त १२ आणि अल्झायमरचे ५ होते, हेही त्याच शोधनिबंधात लिहिलेले आहे. आशा आणि सावधगिरी दोन्ही एकाच कागदावर आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मंदावलेला ईईजी ही अल्झायमरची सही नाही. झोपेच्या गोळ्या, काही मनोविकारांची औषधे, थायरॉइडची कमतरता, यकृत किंवा मूत्रपिंडाचा बिघाड, रक्तातली साखर उतरणे, एवढेच काय, तपासणीच्या खुर्चीत लागलेली डुलकी, यांपैकी कशानेही लय मंदावू शकते. मग अशा चाचणीचा उपयोग काय? रोगाचे नाव शोधत असाल तर खरोखरच फारसा नाही. पण एमसीआयमधून माघारी फिरणारे जे लोक वर आले, त्यांतले काही जण नेमके अशाच कारणांनी विसराळू झालेले असतात. वयस्क माणसाच्या औषधांच्या डब्यात सर्दीच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवीच्या तक्रारीच्या गोळ्या असतात आणि त्यांतल्या कित्येक ॲसिटिलकोलिनलाच अटकाव करतात. अशा वेळी पसरलेली मंद लय पाहून डॉक्टर ‘आधी औषधे तपासू, रक्त तपासू’ असे म्हणत असतील तर चाचणीने तिचे काम केले. तापमापकाने मलेरिया की टायफॉइड हे सांगावे अशी अपेक्षा आपण ठेवत नाही, आणि म्हणून तो फेकूनही देत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सारे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ते काय सांगणार? हिशेब करून पाहू. समजा एमसीआय असलेले शंभर जण आहेत आणि दोन वर्षांत त्यांतले १५ डिमेन्शियाकडे जाणार आहेत. समजा एक चाचणी जाणाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखते आणि न जाणाऱ्यांपैकीही ८० टक्क्यांना बरोबर वगळते. हे दोन आकडे केवळ उदाहरणापुरते. ती १५ पैकी १२ जणांना धोक्याची खूण लावेल, पण उरलेल्या ८५ पैकी १७ जणांनाही लावेल. खूण लागलेल्या २९ जणांत १७ जण उगाच घाबरले. दुसऱ्या बाजूला, ज्यांना खूण लागली नाही अशा ७१ जणांच्या गटात चूक फक्त तिघांच्या बाबतीत झाली. म्हणजे अशी चाचणी ‘होणारच’ हे सांगायला कच्ची, आणि ‘इतक्यात होणार नाही’ हा धीर द्यायला बऱ्यापैकी पक्की ठरते. अहवाल हाती देताना ही बाजू सांगितली जात नाही, हा दोष यंत्राचा नाही.

आणि याच आक्षेपात पुढची दिशाही आहे. माणसामाणसांतला फरक मोठा असतो म्हणून एका नोंदीवरून निवाडा होत नाही. पण एकाच माणसाची अल्फाची लय प्रौढ वयात बरीच स्थिर असते, जवळजवळ हस्ताक्षरासारखी. ईईजी वाचताना मागच्या भागातली लय सेकंदाला आठच्या खाली गेली तर ती असामान्य धरण्याची रीत आहे. आता कल्पना करा, एका बाईंची लय साठाव्या वर्षी साडेदहा होती आणि अडुसष्टाव्या वर्षी नऊ झाली. दोन्ही अहवालांवर ‘सामान्य’ असाच शेरा पडेल. पहिली नोंद जपून ठेवली नसेल तर दीड आवर्तनांची ही घसरण कोणालाच दिसणार नाही. वयाबरोबर लय थोडी मंदावतेच, म्हणून घसरण आहे की नाही यापेक्षा तिचा वेग महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये लेस्ली प्रिचेप आणि सहकाऱ्यांनी, चाचण्यांत निरोगी पण विसरायला होते अशी तक्रार असलेल्या ४४ ज्येष्ठांचा सात ते नऊ वर्षे मागोवा घेतला. पुढे ज्यांची घसरण झाली त्यांच्या सुरुवातीच्याच ईईजीत थीटा जास्त आणि एकूण लय मंद होती. गट लहान आहे, तरी दिशा स्पष्ट आहे : लय आधी ढळते, शब्द नंतर हरवतात.

तिसरा आक्षेप मी स्वतःहून पुढे ठेवतो, कारण ईईजीच्या बाजूने बोलणारेच तो टाळतात. संगणकाला नोंदी शिकवून एमसीआय ‘९५ टक्क्यांहून अधिक अचूक’ ओळखल्याचे दावे सतत प्रसिद्ध होतात. त्यांतल्या अनेकांत एक साधी चूक असते. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या नोंदीचे शेकडो तुकडे करतात आणि त्यांतले काही शिकवण्यासाठी, काही परीक्षेसाठी वापरतात. मग संगणक रोग ओळखत नाही, माणूस ओळखतो; पेपर आधीच फुटलेला असतो. शिवाय डोळ्यांची उघडझाप, कपाळाच्या स्नायूंचा ताण, जवळच्या बिंदूंवर एकच वीज पसरल्याने भासणारे खोटे ‘संबंध’, असा कितीतरी गाळ या पाण्यात असतो. १९५८ मध्ये हर्बर्ट जास्पर यांनी डोक्यावर इलेक्ट्रोड कुठे लावायचे याची दहा-वीस पद्धत ठरवून दिली म्हणून जगभरच्या नोंदी ताडून पाहता येतात. विश्लेषणाच्या पातळीवर तशी सर्वमान्य शिस्त अजून यायची आहे. ती येईपर्यंत ‘ब्रेन मॅपिंग’च्या रंगीत नकाशावरून कोणी अल्झायमरचे निदान ऐकवत असेल, तर त्या रंगांना भुलू नये.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा आहे. रक्तातल्या पी-टाऊ २१७ या प्रथिनावरून अल्झायमरची प्रक्रिया चालू आहे की नाही हे आता चांगले कळते. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली, आणि ती एमसीआय व सौम्य डिमेन्शियाच्या टप्प्यासाठीच आहेत. मग शंभर वर्षांची जुनी तपासणी कशाला? कारण रोगाचा पुरावा आणि कामातला बिघाड या दोन गोष्टी आहेत. मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे साके असूनही शेवटपर्यंत खणखणीत राहिलेली कितीतरी माणसे असतात. रक्त सांगते की घराच्या भिंतीत ओल आहे. घरात राहणे कितपत अवघड झाले आहे, हे ते सांगत नाही. शिवाय प्रत्येक स्मृतिभ्रंश अल्झायमरचा नसतो. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात मागच्या भागातली लय मंद तर होतेच, वर क्षणाक्षणाला डळमळते. ही खूण इतकी ठळक आहे की २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तिला निदानाला आधार देणारा पुरावा म्हणून स्थान मिळाले. अशा रुग्णांना भ्रम आवरण्यासाठीची काही औषधे गंभीर अपाय करू शकतात, त्यामुळे हा फरक कागदोपत्री राहत नाही.

एक क्षेत्र असेही आहे जिथे ईईजीला पर्याय नाही. कधीही फिट न आलेल्या अल्झायमरच्या रुग्णांची कॅलिफोर्नियात कीथ व्हॉसेल आणि सहकाऱ्यांनी रात्रभर नोंद घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४२ टक्के रुग्णांत अपस्मारासारखे मूक विद्युत-झटके सापडले, निरोगी सोबत्यांत सुमारे १०.५ टक्क्यांत, आणि असे झटके असलेल्यांची घसरण जलद झाली. फिट्सवरचे लेव्हेटिरासिटॅम हे औषध छोट्या मात्रेत देऊन पाहिले तेव्हा २०२१ च्या निष्कर्षांत सरसकट सर्वांना फायदा दिसला नाही, पण ज्यांच्या ईईजीत झटके होते त्यांची काही चाचण्यांत प्रगती झाली. या छोट्या प्रयोगावरून उपचार ठरवता येणार नाहीत. तरी कोणाला उपचार लागू पडेल हे ईईजीने आधी वेगळे करावे, ही कल्पना इथे पहिल्यांदा मूर्त झाली. तासाभराच्या जागेपणीच्या नोंदीत हे झटके बहुधा निसटतात; ते झोपेत उमटतात.

भारतासाठी या चर्चेला आणखी एक पदर आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या शाळेच्या बाकावर जन्मल्या आहेत. १९७५ ची प्रसिद्ध तीस गुणांची मिनी मेंटल स्टेट चाचणी वाक्य लिहायला, आकृती काढायला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. ज्या आजींनी पाटी कधी हाती धरली नाही, त्यांचे गुण कशामुळे गेले, विस्मरणामुळे की शाळा न मिळाल्यामुळे, हे अशा कागदावर कळत नाही. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडमधील निरक्षर ज्येष्ठांसाठी १९९० च्या दशकात तिचे हिंदी रूप नव्याने घडवावे लागले. डोळे मिटून स्वस्थ बसण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. मात्र ईईजी शिक्षणाच्या प्रभावापासून मुक्त आहे असे म्हणणेही घाईचे होईल. हैदराबादमधल्या ६४८ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शियाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फरक टिकला. भाषा, व्यवसाय, कौशल्ये यांनी मेंदूत जो साठा होतो तो लक्षणांना लांबवतो. तो साठा लयीला किती लांबवतो, हे आपल्याच लोकांवर, आपल्याच भाषांत मोजावे लागेल.

यासाठी नवे यंत्र शोधायचे नाही. फिट्सच्या तपासणीसाठी ईईजी जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचला आहे. त्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, बोगद्यात झोपणे नाही. बदलायची आहे ती वापरण्याची रीत. एमसीआयचे निदान झाले त्याच सुमारास एक नोंद घ्यावी. आदल्या रात्रीची झोप, दिवसाची वेळ आणि चालू औषधे तिच्यासोबत लिहावीत. वर्ष-दोन वर्षांनी शक्यतो त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावी. अहवालाच्या शेवटच्या ओळीत नुसते ‘सामान्य’ न लिहिता अल्फाची लय किती होती हा आकडा लिहावा, आणि मूळ नोंद डिजिटल स्वरूपात रुग्णाच्या हाती द्यावी. रक्तदाबाची वही घरोघरी असते. तिच्यातला एखादा आकडा आपण फारसा मनावर घेत नाही, वहीभरचा कल पाहून डॉक्टर गोळी बदलतात. मेंदूच्या लयीची अशी वही अजून कोणाच्याच घरात नाही. ती ठेवायला सुरुवात झाली, तर साठीनंतर बुद्धी नाठी होते की नाही हे म्हणीवर सोपवावे लागणार नाही. कोणाची, किती आणि कोणत्या वेगाने, हे त्या वहीतच वाचता येईल.